ऑस्ट्रेलियाच्या बाया एवढ्या का जिंकतात?

३० ऑक्टोबर २०२५च्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला हरवलं. ३३९ धावांचं लक्ष्य होतं. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावा करून शेवटपर्यंत उभी राहिली. तीन दिवसांनी आपण विश्वचषकही जिंकला. पण गटाच्या बैठकांमध्ये बोलणं निघालं ते जास्त करून त्या ऑस्ट्रेलियाच्या सामन्याचंच. ‘एवढं काय त्या ऑस्ट्रेलियाचं?’ असं ज्यांनी कधी क्रिकेट पाहिलं नाही त्यांनीही विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याआधी बायकांचे बारा विश्वचषक झाले होते, त्यातले सात एकट्या ऑस्ट्रेलियानं नेले होते.

आणि गोष्ट नुसत्या क्रिकेटची नाही. २०२४ साली पॅरिसला ऑलिम्पिक झालं, त्यात ऑस्ट्रेलियाला १८ सुवर्णपदकं मिळाली. देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी. त्या १८ सुवर्णांपैकी १३ बायकांची. त्यातली एक, अरिसा ट्रू, १४ वर्षांची. आपल्याकडे आठवी-नववीच्या वर्गात बसणारी पोर.

याचं कारण काय, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. ते मांस खातात. ते उंच असतात. गोऱ्यांचं रक्तच तसलं. आम्ही या कार्यक्रमासाठी वाचायला बसलो तेव्हा पहिल्यांदा हीच उत्तरं तपासली आणि ती टिकली नाहीत. १९७६ साली मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये याच देशाला एकही सुवर्णपदक मिळालं नाही. एक रौप्य, चार कांस्य, बस्स. रक्त तेच होतं, जेवणही तेच होतं. मग वीस वर्षं आधी भरभरून पदकं कशी आली आणि चोवीस वर्षांनी पुन्हा कशी आली? म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला पाहिजे.

सुरुवात करू या मोकळ्या वेळापासून, कारण ज्याला वेळ नाही तो खेळत नाही. १८५१ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया भागात सोनं सापडलं. जो तो खाणीकडे धावला, आणि शहरात बांधकामाला कारागीर मिळेनात. कारागीर कमी पडले की त्यांचा शब्द चालतो. २१ एप्रिल १८५६ला मेलबर्नच्या गवंड्यांनी, म्हणजे दगड घडवणाऱ्यांनी, हातातलं काम टाकून मोर्चा काढला. मागणी साधी होती: आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले स्वतःचे. पगार न कापता त्यांनी ती मिळवली. सगळ्या कामगारांपर्यंत हे पोचायला पुढं कित्येक वर्षं गेली, पण शनिवारी दुपारनंतर सुट्टी, ही रीत हळूहळू रुजली. मेलबर्नमध्ये त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलचे नियम लिहिले गेले, १८५९ साली. मैदानं मोठी, हवा उबदार, बाराही महिने बाहेर खेळता येतं. इंग्लंडमध्ये खेळ बऱ्याच अंशी बड्या घरच्या मुलांचा होता. इथं खाणकामगार आणि कारकून एकाच संघात यायला लागले. त्यातून ‘आम्ही तुमच्या वसाहतीतले असलो तरी तुम्हाला हरवू’ अशी इंग्लंडविरुद्धची खुमखुमीही होती.

आता हे आठ तास कुणाचे? पुरुषांचे. घरातली चूल, धुणं, पोरं यांना आठ तासांचा नियम लागू नव्हता. हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. म्हणून बायकांची गोष्ट वेगळी सांगावी लागते, आणि ती समुद्रापाशी सुरू होते.

ऑस्ट्रेलियाचे बहुतेक लोक समुद्राच्या काठाकाठानं राहतात. तुम्हाला वाटेल, मग पोहणं आलंच. पण सिडनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लोकांच्या नजरेसमोर दिवसा समुद्रात उतरायला कायद्यानं बंदी होती. पुरुषांनाही. अंगप्रदर्शन होतं म्हणून. लोकांनी तो कायदा मोडत मोडत १९०३च्या सुमारास संपवला. बायका पोहायच्या त्या भिंती आणि खडकांच्या आडोशाला, बायकांसाठी राखलेल्या तलावांत. बायकांच्या शर्यती भरवणारी त्यांची संघटना होती, आणि तिचा नियम होता की जिथं पुरुष बघायला असतील तिथं आपल्या मुली पोहणार नाहीत.

त्या संघटनेच्या अध्यक्षा होत्या रोझ स्कॉट. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. बायकांना मत मिळावं म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, सभा गाजवल्या, त्या याच बाई. १९०२ साली ऑस्ट्रेलियात गोऱ्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं, त्यात त्यांचा मोठा वाटा. आणि याच बाई म्हणत होत्या की मुलींनी पुरुषांसमोर पोहू नये, पुरुष टक लावून बघतात, त्यानं मुलींचं नुकसान होतं.

१९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची पोहण्याची शर्यत पहिल्यांदाच होणार होती. सिडनीत दोन मुली तयार होत्या. एक फॅनी ड्युरॅक, दारूचा गुत्ता चालवणाऱ्याची मुलगी. दुसरी मिना वायली. तिच्या बापानं १९०७ साली कूजीच्या किनाऱ्यावर स्वतः पोहण्याचा तलाव बांधला होता, तो आजही तिथं आहे. या मुली जगात सगळ्यात वेगवान असतील अशी लोकांना खात्री होती. पण एकीकडे संघटनेचा नियम आडवा, दुसरीकडे ऑलिम्पिकचे पुरुष अधिकारी म्हणत होते की बायकांवर पैसा आणि वेळ कशाला घालवायचा.

वर्तमानपत्रांत वाद पेटला. शेवटी बायकांच्या संघटनेतल्याच सभासदांनी मतदान करून नियम बदलला. रोझ स्कॉट यांनी राजीनामा दिला. लोकांनी वर्गणी काढली, आणि दोघी बोटीत बसल्या. फॅनीच्या सोबत तिची बहीण, मिनाच्या सोबत बाप, कारण एकट्या मुलींना पाठवायचं नाही. लोकरीचे जड पोहण्याचे कपडे घालून त्या पोहल्या. १०० मीटरच्या शर्यतीत फॅनी पहिली, मिना दुसरी. प्राथमिक फेरीत फॅनीनं जगातला विक्रम केला. रिले शर्यतीला चौघी लागतात आणि या तर दोघीच. तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आम्ही दोघी दोन-दोन वेळा पोहलो तर चालेल का?’ परवानगी मिळाली नाही. आम्हाला ही विचारणाच पदकाइतकी आवडली.

रोझ स्कॉट यांना मात्र आम्ही हसणार नाही. पुरुष टक लावून बघतात हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या गावातल्या मुली धावायला बाहेर पडतात तेव्हा आयांना हीच काळजी असते. फरक एवढाच पडला की बघणाऱ्यांमुळे मुलींनी घरात बसावं का, या प्रश्नाचं उत्तर अध्यक्षांऐवजी सभासदांनी दिलं.

आता समुद्र सोडून आत गावांकडे येऊ. १९२२ साली न्यू साउथ वेल्स राज्यात शेतकरी बायकांनी एक संघटना काढली, कंट्री विमेन्स असोसिएशन. आपल्या गटांची थोरली बहीणच म्हणा. मैलोन्‌मैल शेतं, शेजार नाही, दवाखाना लांब. या बायकांनी बाजाराच्या गावी विश्रांतीच्या खोल्या बांधल्या, म्हणजे लांबून आलेल्या बाईला तान्ह्या बाळाला पाजायला, चार घटका टेकायला जागा मिळेल. बाळांच्या तपासणीची केंद्रं काढली. पैसा उभा केला तो केक-बिस्किटं विकून. तिकडे लॅमिंग्टन नावाचा एक प्रकार आहे: केकचा चौकोनी तुकडा, चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला. शाळेला वर्ग हवा, क्लबाला खेळाचं सामान हवं, की लॅमिंग्टन करा आणि विका, ही तिथल्या गावांची पद्धत. क्लब चालवणारे लोक पगारी नाहीत. कुणाचा बाप शिट्टी वाजवतो, कुणाची आई शनिवारी सकाळी संत्री कापून मैदानावर आणते. दुसऱ्या महायुद्धानंतर तर कित्येक गावांनी युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत पुतळा न उभारता पोहण्याचा तलाव बांधला. हुतात्म्यांच्या नावाचा तलाव आणि त्यात डुंबणारी पोरं. आम्हाला हे फार शहाणपणाचं वाटलं.

लिथगो नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे. तिथली मार्जोरी जॅक्सन. १९४९ साली या पोरीनं हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएनला हरवलं, जिनं आदल्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णं घेतली होती. गावाच्या लक्षात आलं की आपल्याकडे काहीतरी वेगळं माणूस आहे, पण तिला धावायला धड जागा नाही. मग गावकऱ्यांनी पैसा गोळा करून तिच्यासाठी धावपट्टी तयार केली. १९५२ साली ती हेलसिंकीहून १०० आणि २०० मीटरची दोन्ही सुवर्णं घेऊन आली. पुढे ती साउथ ऑस्ट्रेलिया राज्याची राज्यपालही झाली.

दुसरी शर्ली स्ट्रिकलंड. पश्चिमेकडच्या गहू पिकवणाऱ्या मुलखातली शेतकऱ्याची मुलगी, भौतिकशास्त्राची पदवीधर. तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून तिनं सात पदकं जिंकली. १९५६ साली मेलबर्नला अडथळ्यांची शर्यत सलग दुसऱ्यांदा जिंकली तेव्हा ती ३१ वर्षांची आणि एका मुलाची आई होती. त्याच ऑलिम्पिकला बेटी कथबर्ट नावाच्या १८ वर्षांच्या मुलीनं आपली निवड होणार नाही असं धरून प्रेक्षकांची तिकिटं काढून ठेवली होती. तिनं तीन सुवर्णं घेतली. आणि सिडनीच्या बालमेन या कष्टकऱ्यांच्या वस्तीतली, आठ भावंडांतली धाकटी, दम्याची रोगी डॉन फ्रेझर १०० मीटर पोहण्यात पहिली आली, आणि पुढच्या दोन्ही ऑलिम्पिकमध्येही पहिलीच राहिली. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाला १३ सुवर्णं मिळाली. सात बायकांची. धावण्याच्या मैदानावरची तर चारच्या चार बायकांची, पुरुषांना तिथं एकही नाही.

मग १९७६ला शून्य का? कारण तोवर जग बदललं होतं. पूर्व जर्मनीसारखे देश सरकारी पैशानं खेळाडू घडवत होते, त्यात औषधांची लबाडीही होती हे मागाहून उघड झालं. इकडे ऑस्ट्रेलियाचे खेळाडू अजून नोकरी सांभाळून पहाटे सराव करत होते. नुसता समुद्र आणि ऊन पुरेना. देशात ओरड झाली. सरकारनं आधी चालढकल केली आणि अखेर २६ जानेवारी १९८१ला कॅनबेरा इथं राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू केली. आठ खेळ घेतले, त्यात नेटबॉल हा खास बायकांचा खेळही होता. राहणं, जेवण, शिक्षक, डॉक्टर सगळं एका जागी. शाळाशाळांत जाऊन मुलांची उंची, हातांची लांबी, दम मोजायला लागले आणि ‘तू हा खेळ खेळून बघ’ असं सांगायला लागले. मेगन स्टिल ही अशाच शाळेतल्या चाचणीतून वल्हवण्याच्या खेळात आली आणि १९९६ साली केट स्लॅटरबरोबर सुवर्ण घेऊन गेली.

पण आकडे बघा. १९८४ला चार सुवर्णं, १९८८ला तीन. पीक लगेच आलं नाही. १९९२ला सात, १९९६ला नऊ आणि २०००ला सिडनीत सोळा. सरकारनं पैसा ओतत राहायला वीस वर्षांचा धीर धरला. खरं तर त्यांनी हिशेबही चोख केला: पोहणं, वल्हवणं, सायकल अशा खेळांवर जोर दिला जिथं एकाच खेळात पुष्कळ पदकं असतात आणि गरीब देश उतरू शकत नाहीत, कारण तलाव, नावा, सायकली महाग. पदकांच्या यादीकडे बघताना एवढं ध्यानात असू द्यावं.

क्रिकेटची एक गंमत इथं सांगितलीच पाहिजे. एका दिवसाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिलं द्विशतक कुणी केलं, असं विचारलं की सगळे सचिनचं नाव घेतात. त्यानं ग्वाल्हेरला केलं ते २०१० साली. त्याच्या बारा वर्षं आधी, १६ डिसेंबर १९९७ला, ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिनं डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या. आणि त्या कुठं केल्या? आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी क्लबच्या मैदानावर. ऑस्ट्रेलियानं ४१२ धावा केल्या आणि डेन्मार्क ४९ धावांत गडगडलं. एवढा मोठा विक्रम आपल्या दारात झाला आणि आपल्यातल्या किती जणींना तो ठाऊक आहे? बायकांच्या खेळाचं हेच व्हायचं, ऑस्ट्रेलियातसुद्धा. क्रिकेट खेळणाऱ्या बायकांना नीट पगार मिळायला लागला तो अगदी अलीकडे. २०१७च्या करारात पुरुष आणि बायका दोघांचा वाटा एकाच हिशेबात धरला गेला. आणि समुद्रावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या ज्या पथकांचा तो देश एवढा अभिमान बाळगतो, त्यांत बायकांना बरोबरीनं सभासद करून घ्यायला १९८० साल उजाडलं.

आता या गोष्टीचा जो भाग आम्हाला सगळ्यात जड गेला, तो. वर आम्ही गावच्या तलावांचं एवढं कौतुक केलं. पण ते तलाव सगळ्यांचे नव्हते. गोरे येण्याआधी हजारो वर्षं त्या भूमीवर राहणारे जे आदिवासी, त्यांना कित्येक गावांत तलावात पाय घालू देत नसत. आपल्याला पाणवठ्याची गोष्ट समजावून सांगायला नको, महाडच्या तळ्याची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना तर मुळीच नको. मोरी नावाच्या गावात तर नगरपालिकेनं १९५५ साली तसा लेखी ठरावच केला होता. फेब्रुवारी १९६५मध्ये सिडनी विद्यापीठातले तीसेक विद्यार्थी बस घेऊन गावोगाव निघाले. त्यांचा पुढारी चार्ल्स पर्किन्स, स्वतः आदिवासी आणि फुटबॉलचा चांगला खेळाडू. मोरीला त्यांनी वस्तीवरच्या आदिवासी मुलांना बरोबर घेतलं आणि तलावाच्या दारात उभे राहिले. गोऱ्यांचा जमाव जमला. अंडी, टोमॅटो, शिव्या सगळं झालं. विद्यार्थी हटले नाहीत. बातमी देशभर गेली आणि नगरपालिकेला ती बंदी उठवायचं कबूल करावं लागलं. भांडण वरवर पोहण्याचं होतं. १८६८ साली इंग्लंडला गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला क्रिकेट संघ आदिवासींचाच होता. ४७ सामने खेळले, १४ जिंकले, १४ हरले. परत आल्यावर त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधनं घालणारा कायदा वर्षभरात आला. खेळायची ताकद होती, दार मात्र बंद केलं.

इव्हॉन गुलागाँग १९५१ साली जन्मली. विराजुरी जमातीची, बाप मेंढ्यांची लोकर कातरायच्या कामावर, आठ भावंडं. बॅरेलन नावाच्या छोट्या गावात हे एकच आदिवासी कुटुंब होतं. त्या काळी सरकार आदिवासी मुलांना आईपासून तोडून संस्थांत नेऊन ठेवायचं. रस्त्यावर अनोळखी मोटार दिसली की आई पोरांना लपायला सांगायची, असं इव्हॉननं पुढे सांगितलं आहे. पण त्या गावात टेनिसचा क्लब होता. कुंपणाच्या जाळीतून खेळ बघत उभी असलेली ती पोर क्लबच्या एका माणसाला दिसली आणि त्यानं तिला आत बोलावलं. पुढे गावानं वर्गणी काढून तिला सिडनीला शिकायला पाठवलं. १९७१ साली, १९ वर्षांची असताना, ती विम्बल्डन जिंकली.

कॅथी फ्रीमनही अशीच. तिच्या आजीला लहानपणी घरच्यांपासून तोडून नेलं होतं. १९९४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिंकल्यावर तिनं देशाच्या झेंड्याबरोबर आदिवासींचा झेंडाही खांद्यावर घेतला, तेव्हा संघाच्या अधिकाऱ्यांनी तिला दटावलं. तिनं तो पुन्हा घेतला. २००० साली सिडनीत ऑलिम्पिकची ज्योत तिच्याच हातानं पेटली, आणि २५ सप्टेंबरला लाखावर प्रेक्षकांसमोर ४०० मीटर जिंकून ती दोन्ही झेंडे घेऊन मैदानाला फिरली. या वेळी कुणी दटावलं नाही.

इव्हॉननं विम्बल्डन पुन्हा एकदा जिंकलं, १९८० साली. तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. १९१४ नंतर पहिल्यांदाच एका आईनं ती स्पर्धा जिंकली होती. बॅरेलनला आता रस्त्याकडेला तिच्या लाकडी रॅकेटची प्रचंड मोठी प्रतिकृती उभी आहे.